आधी मशीन की आधी ऑर्डर? अंगणातल्या बाकाचा पूर्ण हिशेब



मागच्या महिन्यात एक मुलगा दुकानात आला. पंचवीस-सव्वीसचा असेल. मोबाईलवर एक परदेशी व्हिडिओ थांबवून त्यानं काउंटरवर ठेवला. व्हिडिओतला माणूस घरामागच्या हिरवळीवर दोन दिवसांत लाकडी शेड उभी करत होता आणि त्याच्यामागे भिंतीवर पंधरा-वीस मशिनी टांगलेल्या. "दादा, हे सगळं द्या. ईएमआय चालतो ना?"

बेरीज केली तर ८५ हजारांच्या वर गेली. मी विचारलं, "ऑर्डर किती आहेत हातात?"

"ऑर्डर काय दादा, मशिनी आल्या की येतील."

त्या दिवशी त्याला मी एक ड्रिल, एक गुण्या आणि चार क्लॅम्प दिले आणि परत पाठवला. आमच्या दुकानातला पोरगा माझ्याकडे असं बघत होता की जणू मी गल्ल्यातले पैसे रस्त्यावर टाकले. पण खरं सांगतो, ईएमआयवर नेलेल्या मशिनी सहा महिन्यांनी अर्ध्या किमतीत परत विकायला आणणारी माणसं मी खूप बघितलीत. मशीन खोक्यातून नीट बाहेरसुद्धा आलेलं नसतं. म्हणून आजचा लेख. अंगण, परस, गच्ची, फार्महाऊस यांच्यासाठी लाकडी वस्तू बनवून विकायच्या असतील तर सुरुवात कशी करायची, कोणतं मशीन कधी घ्यायचं आणि भाव कसा काढायचा ते बघू. व्हिडिओत आकडे भराभर गेले, इथे ते निवांत मांडतो.

आधी त्या परदेशी व्हिडिओंबद्दल दोन शब्द. ते बघा, हात कसे चालतात ते शिकायला उत्तम आहेत. पण तिथला माणूस दुकानात जाऊन रंधलेलं, वाळवलेलं, ठरलेल्या मापाचं लाकूड गाडीत टाकून आणतो. तिथे ज्याला 'टू बाय फोर' म्हणतात ते प्रत्यक्षात दीड इंच बाय साडेतीन इंच भरतं, आणि देशभर तेच माप मिळतं. आपल्याकडे वखारीत लाकूड घनफुटावर मिळतं, खरबरीत मिळतं, कधी ओलं मिळतं, आणि प्रत्येक फळी सरळ असेलच असं नाही. त्यामुळे त्यांचा दोन दिवसांचा प्रोजेक्ट आपल्याला पाच दिवस घेतो. आणि हो, अमेरिकेतल्या मामानं मशीन पाठवतो म्हटलं तर आधी व्होल्टेज विचारा. तिथे घरात १२० व्होल्ट, आपल्याकडे २३०. वायरचं मशीन तसंच लावलं तर धूर निघेल.

पहिली वस्तू एकच

खुराडा, कुत्र्याचं घर, कुंड्यांचे स्टँड, मांडव, झोपाळा, बाक, सगळंच बनवतो असं व्हिजिटिंग कार्डावर छापू नका. एक वस्तू निवडा. मी सुरुवातीला बाक सुचवतो. चार फुटी, बिनपाठीचा, साधा. कारण त्यात कटिंग सरळ आहे, एकच माप पुन्हा पुन्हा येतं, टेम्पो न करता रिक्षाच्या टपावरही जातो, आणि गिऱ्हाईक ठरलेलं आहे: होमस्टेवाले, फार्महाऊसवाले, हॉटेलं, शाळा, सोसायट्या. आमच्या कोल्हापूरच्या बाजूला पन्हाळ्यापासून आंबोलीपर्यंत होमस्टे वाढलेत, त्यांना एकावेळी चार-सहा बाक लागतात.

झोपाळा आणि उंच मांडव मात्र पहिल्या वर्षी घेऊ नका. त्यावर माणूस बसतो किंवा त्याखाली माणूस बसतो. स्क्रू कुठे किती लोड घेतो हे हाताला कळायला वेळ लागतो. बाक मोडला तर माणूस दीड फुटावरून पडेल. झोपाळा तुटला तर काय होईल ते लिहायला नको.

आता हिशेब

वही घ्या. घनफूट काढायचं सूत्र वखारीत सगळ्यांना तोंडपाठ असतं, तुम्हालाही हवं. जाडी इंचात, रुंदी इंचात, लांबी फुटात. तिन्हींचा गुणाकार करा, १४४ ने भागा. झालं घनफूट.

आपला बाक असा आहे. बसायला चार फळ्या, दीड बाय साडेतीन इंच, चार फूट लांब. मध्ये अर्ध्या इंचाच्या फटी ठेवल्या की रुंदी साडेपंधरा इंच भरते. एका फळीचं गणित: दीड गुणिले साडेतीन गुणिले चार म्हणजे २१, भागिले १४४, म्हणजे ०.१४६. चार फळ्यांचं ०.५८. पाय चार, अडीच बाय अडीच इंच, दीड फुटी, त्यांचं ०.२६. खालच्या-वरच्या आडव्या पट्ट्या चार, सव्वा फुटी, त्यांचं ०.१८. आणि मधली लांब पट्टी साडेतीन फुटी, तिचं ०.१३. एकूण १.१५ घनफूट.

इथेच पहिली चूक होते. १.१५ चं बिल धरतात. पण फळीला गाठ असते, टोक फाटलेलं असतं, प्रत्येक कापात पातं दोन-तीन मिलिमीटर लाकूड भुशात घालवतं, रंधा मारला की आणखी जातं. वीस टक्के घट धरा. १.१५ चे झाले साधारण १.४. पाइनचा भाव घनफुटाला ९०० रुपये धरू (तुमच्या गावातला भाव विचारा आणि तो घाला, माझा आकडा पाठ करू नका). म्हणजे लाकूड १,२६० रुपये. स्क्रू, गम, पॉलिश पेपर, बाहेरच्या वापराचं पॉलिश मिळून ३४०. माल १,६०० रुपयांचा.

आता बहुतेक नवीन मुलं काय करतात? १,६०० चा माल, वर ६०० सुटले पाहिजेत, द्या २,२०० ला. गिऱ्हाईक खूश, हा पण खूश. संध्याकाळी आईला सांगतो, आज ६०० कमावले.

थांबा. त्या बाकाला सराव झाल्यावरही सहा तास लागतात. सुताराला दिवसाची हजेरी देतो त्या हिशेबानं तासाला १२० रुपये धरले तरी तुमच्याच मजुरीचे ७२० होतात. म्हणजे धंदा तर सोडाच, मजुरीसुद्धा पूर्ण निघाली नाही. त्यात बाक पोहोचवायला २०० रुपये रिक्षाचे गेले, हातात राहिले ४००. तासाला सहासष्ट रुपये. आणि मशिनीचे पैसे अजून धरलेलेच नाहीत.

मशिनीचं असं. सुरुवातीचा सेट १८ हजारांचा धरू. त्यात काय काय ते पुढे सांगतो. आम्हाला बीबीएला घसारा शिकवला होता, चार पद्धती, परीक्षेत सोळा मार्कांचं गणित. इथे एवढं नको. मी सोपं धरतो: पहिल्या ६० नगांत मशीन फुकट झालं पाहिजे. १८,००० भागिले ६०, नगाला ३०० रुपये. हे ३०० रुपये प्रत्येक विक्रीनंतर वेगळ्या डब्यात किंवा वेगळ्या खात्यात टाकायचे. साठ नग झाल्यावर मशीन जळालं तरी रडायचं नाही, नवं घ्यायचे पैसे डब्यात आहेत. न जळालं तर पुढचं मोठं मशीन त्याच पैशातून येतं, ईएमआय लागत नाही.

पातं झिजतं, वीज लागते, त्याचे ५० धरा. आता जोडा: माल १,६००, मजुरी ७२०, मशीन ३००, पातं-वीज ५०, वाहतूक २००. झाले २,८७०. वीस बाकांत एखादा परत येणार, एखादी फळी फाटणार, त्यासाठी पाच टक्के धरा, म्हणजे साधारण १४०. खर्च ३,०१० वर आला. त्यावर पंचवीस टक्के नफा म्हणजे ७५० रुपये. विक्री ३,७६० च्या आसपास.

"पण दादा, ३,७६० ला कोण घेईल? बाजारात लोखंडी बाक त्याहून स्वस्त मिळतो." हा प्रश्न मला दर बॅचला येतो. उत्तर असं की ज्याला फक्त बसायला काहीतरी हवंय तो तुमचा गिऱ्हाईक नाहीच. त्याला लोखंडी घेऊ दे. तुमचा गिऱ्हाईक तो, ज्याला आपल्या ओसरीच्या लांबीइतका, आपल्याला हव्या त्या रंगाचा, फोटोत छान दिसणारा बाक हवाय. असा गिऱ्हाईक गावात नसेल तर ते आधी शोधा आणि मगच मशीन घ्या. एक बाक भाड्याच्या किंवा ओळखीच्या सुताराच्या मशीनवर बनवा, फोटो काढा, दहा होमस्टेवाल्यांना दाखवा. तीन जणांनी ॲडव्हान्स दिला तर दुकानात या. नाही दिला तर तुमचे १८ हजार वाचले.

मशीन कुठलं

वरच्या १८ हजारांत मी असं धरलंय: सात इंची सर्क्युलर सॉ ६,०००, बॅटरीचं ड्रिल ५,०००, गोल फिरणारा सँडर ३,५००, आणि उरलेल्या ३,५०० मध्ये क्लॅम्प, गुण्या, टेप, चष्मा, मास्क, कानाचे मफ. कंपनीप्रमाणे भाव वरखाली होईल. हातकरवत, पटाशी, छोटा रंधा घरात असतील तर उत्तम, नसतील तर सेकंडहँड घ्या, धार लावायला शिका.

जिगसॉ दुसऱ्या टप्प्यात, गोलाईचं काम आलं की. राउटर तिसऱ्या टप्प्यात. टेबल सॉ आणि प्लेनर तेव्हा, जेव्हा महिन्याला वीसच्या वर नग जातात. तोवर वखारीतच पट्ट्या मापात चिरून, रंधून घ्या. घनफुटामागे थोडे पैसे जास्त जातील, पण प्लेनरमध्ये अडकणाऱ्या भांडवलापुढे ते काहीच नाहीत. आरागिरणीसारखं ओंडके चिरायचं काम तर घरी सुरूच करू नका, त्याला वनखात्याचा परवाना लागतो. लाकूड नेहमी बिलाचं घ्या, विशेषतः सागवान.

आता जे सांगणार आहे ते नीट वाचा. आपल्याकडे निम्म्याहून जास्त पोरं लाकूड कापायला सर्क्युलर सॉ घेतच नाहीत. ते घेतात फरशी कापायचं मशीन, मार्बल कटर. निम्म्या किमतीत मिळतं. त्याला चार इंची दातेरी पातं लावायचं की झालं काम. साईटवर सगळे तेच वापरतात, दुकानदारही देतात, कारण गिऱ्हाईक तेच मागतं. मीही दिलेत, पहिली काही वर्षं. माझ्या डाव्या अंगठ्यावर सात टाक्यांची खूण आहे, ती त्याच मशीनची. प्लायचा तुकडा गुडघ्यावर धरून कापत होतो. दोन मिनिटांचं काम, कशाला क्लॅम्प लावायचा.

फरक काय तो समजून घ्या. मार्बल कटर मिनिटाला १२ हजारांच्या आसपास फेरे घेतो. सात इंची सर्क्युलर सॉ साधारण साडेपाच हजार. फरशीच्या पात्याला दात नसतात, ते घासून कापतं, त्यामुळे त्या मशीनला खालून झाकणारं गार्डच दिलेलं नसतं. सर्क्युलर सॉला खालचं गार्ड असतं, लाकडातून बाहेर आलं की स्प्रिंगनं आपोआप मिटतं. शिवाय बऱ्याच मार्बल कटरला बटण अडकवून ठेवायची सोय असते, म्हणजे मशीन हातातून सुटलं तरी फिरतच राहतं. दात असलेलं पातं, उघडं, दुप्पट वेगानं, आणि थांबत नाही. आता सांगा, निम्मी किंमत स्वस्त की महाग? ग्राइंडरला लाकडाचं पातं लावणं तर याहून वाईट. ते मला कुणी मागितलं तर मी सरळ नाही म्हणतो.

झटका का बसतो तेही बघा, कारण चांगलं मशीन घेतलं म्हणून झटका बसत नाही असं नाही. फळी दोन स्टुलांवर दोन टोकांना ठेवली आणि मधोमध कापायला घेतली. काप अर्ध्यावर आला की फळी स्वतःच्या वजनानं मधे खचते, कापाची फट वरून मिटते आणि फिरतं पातं चिमटीत सापडतं. पात्याला पुढे जाता येत नाही, मग अख्खं मशीन उसळून तुमच्याकडे येतं. उपाय साधा. कापून पडणारा तुकडा मोकळा पडला पाहिजे आणि राहणारा भाग दोन जागी टेकून क्लॅम्प केलेला पाहिजे. मोठी फळी असेल तर जमिनीवर थर्माकोलची जाड शीट टाका, त्यावर फळी, पातं फक्त लाकडाच्या जाडीपेक्षा पाच-सहा मिलिमीटर खाली. थर्माकोल कापला जाईल, जाऊ दे. तुम्ही पात्याच्या रेषेत उभे राहू नका, बाजूला राहा.

हातमोजे घालून फिरतं पातं चालवायचं नाही. हे ऐकून नवी मुलं चकित होतात. पण मोज्याचा धागा पात्यात गेला तर बोट ओढलं जातं. गळ्यातला टॉवेल, सैल बाह्या, मनगटातला दोरा, तेच. चष्मा मात्र प्रत्येक कापाला. मास्कसुद्धा, कारण लाकडाचा बारीक भुसा हा निव्वळ कचरा नाही, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं तो कर्करोग होऊ शकणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकलाय. वर्षानुवर्षं रोज चार तास सँडर चालवणार असाल तर तोंडाला रुमाल बांधून भागत नाही.

आणि वायर. घरातल्या टीव्हीच्या एक्सटेन्शनवर सॉ चालवू नका. लांब बारीक वायरीत व्होल्टेज पडतं, मशीन दम खातं, मोटर तापते, आणि मग माणूस दुकानात येऊन म्हणतो कंपनी भिकार आहे. अडीच स्क्वेअर एमएमची वायर, १६ अँपिअरचं सॉकेट, अर्थिंग पक्कं.

फुकटचे पॅलेट

कागल, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत पॅलेट स्वस्तात मिळतात, मग लाकडाला पैसे कशाला घालायचे? वापरा, हरकत नाही, पण शिक्का बघून. निर्यातीच्या पॅलेटवर गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह असतं, देशाचा कोड असतो आणि पुढे दोन इंग्रजी अक्षरं. 'एचटी' म्हणजे लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलंय, ते चालेल. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइड वायूची धुरी दिलीय, ते घेऊ नका. शिक्काच नसेल किंवा लाकडावर तेलाचे, रसायनाचे डाग असतील तर मुलं बसतात अशा वस्तूला अजिबात नको. खिळे चुंबक फिरवून शोधा. एक खिळा नव्या पात्याचे दात घालवतो. पॅलेट मोडणं, खिळे काढणं, रंधणं यात एका बाकामागे तीन तास सहज जातात. तीन तासांचे ३६० रुपये. फुकटचं लाकूड तेवढ्याला पडलं, हेही वहीत लिहा.

पाऊस

आपल्या मालाची खरी परीक्षा जूनमध्ये असते. मी स्वतः सुरुवातीला एका ओळखीच्या फार्महाऊसला सहा बाक दिले होते, दिसायला देखणे. दिवाळीला त्यांचा फोन आला. पाय खालून काळे पडून मऊ झालेले, दोन बाक हलत होते. सगळीकडे तीन हात पॉलिश मारलं होतं, फक्त पायाच्या तळाला नाही. कोण बघतंय खालून? पण लाकूड पाणी पितं ते टोकातून, आडव्या बाजूपेक्षा कितीतरी जास्त वेगानं. तेव्हापासून पाय जोडायच्या आधीच त्यांची तळं पॉलिशमध्ये बुडवून ठेवतो, वर रबरी किंवा नायलॉनचा बूट ठोकतो. बाक मातीवर ठेवू नका, खाली फरशीचे तुकडे द्या, हे गिऱ्हाइकालाही लिहून द्या. सहाचे सहा बाक मी परत आणून पाय बदलून दिले. नफा गेला, पण त्याच माणसानं पुढे तीन गिऱ्हाइकं दिली.

फळ्यांमधल्या फटी शोभेच्या नाहीत, पाणी निघून जायला आणि लाकूड फुगायला जागा हवी म्हणून. लोखंडी स्क्रू गंजून लाकडावर काळे ओघळ येतात, बाहेरच्या मालाला स्टेनलेस स्टीलचे वापरा आणि आधी बारीक भोक पाडा, नाहीतर फळीचं टोक फाटतं. पावसाळ्यात आणलेलं लाकूड लगेच जोडू नका. हजार-बाराशेला ओलावा मोजायचं मीटर मिळतं. माझं मत विचाराल तर जिगसॉच्या आधी ते घ्या.

सरकारी योजनेचं विचारता म्हणून थोडक्यात. उद्यम नोंदणी ऑनलाइन आहे आणि पूर्ण मोफत आहे, त्यासाठी कुणालाही पैसे देऊ नका. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत १८ व्यवसाय आहेत, त्यात सुतारकाम आहे. पात्र ठरलात तर प्रशिक्षण, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंतचं व्हाउचर, आणि पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाखांपर्यंत कर्ज. पण ती हातानं अवजारं चालवून पारंपरिक काम करणाऱ्यांसाठी आहे, दुकान थाटायच्या कल्पनेसाठी नाही. अटी वाचून मगच अर्ज करा.

तो मुलगा परवा परत आला होता. मामाच्या ओळखीच्या सुताराकडे दोन बाक बनवलेत, एक विकला. कितीला, विचारलं. "२,४००." मी वही पुढे केली. तिथेच उभा राहून त्यानं बेरीज केली, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "दादा, दुसरा अजून विकला नाही, बरं झालं." सर्क्युलर सॉ अजून घेतला नाहीये त्यानं. दोन ॲडव्हान्स आले की येतो म्हणाला.

पुढच्या व्हिडिओआधी तुमचं काम: तुमच्या गावातल्या दोन वखारींत जाऊन पाइन, निलगिरी आणि साग यांचे घनफुटाचे भाव लिहून आणा, चिरून आणि रंधून द्यायचे दर वेगळे विचारा, आणि वरच्या बाकाची बेरीज तुमच्या आकड्यांनी पुन्हा मांडा. पुढच्या वेळी ॲडव्हान्स किती टक्के घ्यायचा आणि ओळखीच्या गिऱ्हाइकाकडे तो कसा मागायचा, ते बघू.